मिठी नको, माया हवी!

बालमित्रांनो, आईनं जवळ घेतलं की अंग आक्रसून घेणारं मूल पाहिलंय? त्याला तुसडं म्हणू नका हं!

अमेरिकेच्या टेंपल ग्रँडिन (जन्म १९४७) यांना स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम आहे. लहानपणी मिठी हवीशी वाटे, पण स्पर्श सोसवत नसे. ॲरिझोनात त्यांनी पाहिलं, लस टोचताना दोन बाजूंनी दाबून धरलेली काही गुरं शांत होतात. लगेच स्वतःसाठी तसंच यंत्र बनवलं! दाब किती, केव्हा थांबवायचा, सारं त्यांच्या हाती. त्यातूनच मायेचा स्पर्श उमगला. पुढे त्या पशुविज्ञानाच्या प्राध्यापक झाल्या.

तुमच्या भावंडाला, मित्राला स्वमग्नता असेल, तर आधी विचारा, "जवळ घेऊ?" मान हलवून 'नको' म्हटलं तर रुसू नका. नुसते शेजारी बसा. तेही प्रेमच!