घरचाच आहेस, सही करून टाक ना!

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मध्ये जुलै येऊन गेला. आमच्या धंद्यात जुलै आणि जानेवारी या दोन महिन्यांत माणूस घरी फक्त झोपायला येतो. पण खरं सांगायचं तर उशीर त्यामुळे झाला नाही. विषय घरातला होता म्हणून टाळत होतो. गणपतीत आत्याने सगळ्यांसमोर मला "फार ताठ झालायस लायसन मिळाल्यापासून" असं सुनावलं, तेव्हा ठरवलं की एकदा लिहूनच मोकळं व्हावं. आत्या वाचते. ताई वाचते. भाऊजी वाचत नाही म्हणतात, पण वाचतात.

तर झालं असं. जूनच्या शेवटी भाऊजींचा फोन आला. ते त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. म्हणाले, "अरे, तो फॉर्म बी द्यायचाय जुलैचा. तू आता लायसनवाला. घरचाच आहेस, सही करून पाठवून दे ना. इमारतीची माहिती व्हॉट्सॲप करतो."

म्हटलं, येऊन बघतो आणि मग देतो.

"बघायचं काय त्यात? नवीनच आहे सगळं."

रविवारी गेलो. ताईने पोहे केले होते, ते खाल्ले आणि खाली पंपरूममध्ये उतरलो. पॅनलवरचे तिन्ही सिलेक्टर स्विच 'ऑफ'वर. वॉचमनला विचारलं तर म्हणाला, "साहेब, छोटा पंप रात्री सारखा चालू-बंद होतो, तळमजल्यावरच्या काकांची झोप मोडते, म्हणून बंद ठेवलाय." हा छोटा पंप म्हणजे जॉकी. पाइपातला दाब थोडा उतरला की तो भरून काढायचा, हे त्याचं काम. तो सारखा चालू होत असेल तर त्याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. गळती कुणी शोधली नाही. स्विच तेवढा बंद केला. डिझेल पंपाची बॅटरी मेलेली होती. बेसमेंटमधल्या एका रांगेतली हेडं रंगाऱ्याने छतासोबत पांढरी करून टाकली होती. शेवटी लाइनच्या टोकाचा टेस्ट व्हॉल्व्ह उघडला. आधी थोडी हवा फुसफुसली, मग गंजाचं चहाच्या रंगाचं पाणी पेलाभर आलं आणि थांबलं.

मी काय काय करावं लागेल ते कागदावर लिहून दिलं आणि सांगितलं, एवढं करा, मी परत येऊन टेस्ट घेतो आणि मग सही करतो. भाऊजी काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी ताईकडून कळलं की दुसऱ्या कुणाचा तरी फॉर्म बी आला. पीडीएफ. इमारतीत पाऊलही न टाकता. संध्याकाळी मागितला, सकाळी हजर. आणि गणपतीत ताठ कोण? तर मी. आता बोला!

ज्यांना या फॉर्म बीची भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपल्याकडे महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नावाचा कायदा आहे आणि त्याखाली २००९ चे नियम आहेत. इमारतीत आगीपासून बचावाची साधनं बसवायची आणि ती चालू स्थितीत ठेवायची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची. ती चालू स्थितीत आहेत असा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचा असतो. तो द्यायचा अधिकार फक्त लायसन असलेल्या एजन्सीला, आणि लायसन देतात राज्याच्या अग्निशमन सेवेचे संचालक. म्हणजे कायद्याने एक साखळी बांधली आहे. सरकार प्रत्येक इमारतीच्या प्रत्येक व्हॉल्व्हपाशी उभं राहू शकत नाही, म्हणून त्याने माझ्यासारख्याला सांगितलं, तू आमच्या वतीने बघ आणि सही कर. सगळी भिस्त त्या बघण्यावर आहे. बघणं काढून टाकलं तर हातात उरतो तो ए-फोर कागद.

आणि हे मी पदरचं सांगत नाही. त्याच कायद्याच्या दहाव्या कलमात स्पष्ट म्हटलंय की प्रत्यक्षात पूर्तता किंवा देखभाल झालेली नसताना लायसनधारकाने तसा दाखला देऊ नये. ज्याने कायदा लिहिला त्याला आपण बरोबर ओळखून होतो. त्याला माहीत होतं की कुणाचे तरी भाऊजी फोन करणार.

मला हे लायसन कसं मिळालं ते आत्याला माहीत आहे, पण बाकीच्यांना नसेल. एकोणिसाव्या वर्षी मी एका ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून लागलो. पहिलं वर्षभर पाइपाला आटे पाडले. हाताला कटिंग ऑइलचा वास असायचा, आई ताटावर बसण्याआधी दोनदा हात धुवायला लावायची. मग फिटर झालो, मग डिप्लोमा, मग सुपरवायझर. पुढे स्वतःची कामं. लायसनसाठी अर्ज केला तेव्हा पात्रतेचे, अनुभवाचे, कामांचे दाखले जमवता जमवता फाइल एवढी जाड झाली की पंच मशीनला दाद देईना. लायसन आलं त्या दिवशी आईने ते देव्हाऱ्यात ठेवलं आणि वर हळदकुंकू वाहिलं. (कोपऱ्यात अजून डाग आहे.)

पण त्या जाड फाइलीतून एवढंच कळतं की मला काम येतं. मी ते करतो की नाही, हे कुठल्याच फाइलीतून कळत नाही. ते दर जानेवारीत आणि दर जुलैत पंपरूममध्ये ठरतं. तिथे बघायला कुणी नसतं. मी, वॉचमन आणि व्हॉल्व्ह.

आता भाऊजींचे मुद्दे एकेक घेतो. अहो भाऊजी, रागावू नका, पण हे मुद्दे मला आठवड्यातून तीनदा ऐकू येतात. तुमच्या तोंडून आले एवढंच नवीन.

पहिला मुद्दा: "आजवर कधी आग लागली नाही." बरोबर. आग लागेपर्यंत कुठल्याच इमारतीत आग लागलेली नसते.

दुसरा मुद्दा: "ती यंत्रणा चुकून सुरू झाली तर सगळ्या गाड्यांवर पाणी." हा सिनेमाचा परिणाम. हिरो लायटर धरतो आणि अख्ख्या हॉलमध्ये पाऊस पडतो. नेहमीच्या स्प्रिंक्लरमध्ये असं होत नाही. प्रत्येक हेडमध्ये काचेची एक बारीक कुपी असते, तिच्यात द्रव असतो. लाल कुपी ६८ अंश सेल्सिअसला फुटते, पिवळी ७९ ला, हिरवी ९३ ला. जिच्याखाली आग तीच फुटते, बाकीच्या जागच्या जागी. मध्यम धोक्याच्या जागेत एक हेड १२ चौरस मीटर सांभाळतं. साधारण मापाचं हेड एक बार दाबाला मिनिटाला ८० लिटर पाणी देतं. आग लहान असतानाच डोक्यावर पाणी ओतायचं, एवढी साधी कल्पना आहे. आणि म्हणूनच त्या कुपीवर रंग मारायचा नसतो. रंगामुळे उष्णता उशिरा पोचते, झाकण चिकटून बसतं, आणि जे काम पहिल्या काही मिनिटांत व्हायचं ते होतच नाही.

तिसरा मुद्दा: "सगळं बसवलंय ना? मग झालं." नाही झालं! अमेरिकेत एनएफपीए नावाची संस्था अशा आगींचा वर्षानुवर्षं हिशेब ठेवते. स्प्रिंक्लर असूनही ते चालले नाहीत, अशा घटनांमध्ये पहिल्या क्रमांकाचं कारण कुठलं? गंज नाही, खराब हेड नाही. यंत्रणा कुणीतरी बंद करून ठेवलेली असते. तिकडेही कुणाच्या तरी काकांची झोप मोडत असणार.

चौथा मुद्दा, आणि हा सगळ्यात लाडका: "सगळेच देतात रे." याचं उत्तर मी जरा सविस्तर देणार आहे.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात आग लागली. दहा बाळं गेली. मग राज्यभरच्या रुग्णालयांच्या फायर ऑडिटचे आदेश निघाले. २३ एप्रिलला विरारच्या रुग्णालयात आग. ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या (आताचं अहिल्यानगर) जिल्हा रुग्णालयात आग. तिन्ही एकाच वर्षातल्या. त्या प्रत्येक आगीचं कारण वेगळं, तिथे कुठले कागद होते आणि कुठले नव्हते यावर मी इथे निकाल देत नाही, तो माझा अधिकारही नाही. मला एवढंच म्हणायचंय की आदेशाने कागद हलतो. व्हॉल्व्ह माणसाने हलवावा लागतो. आणि तो माणूस जर "सगळेच देतात" म्हणत घरी बसून सही करणार असेल, तर दर आगीनंतर निघणाऱ्या नव्या आदेशाने फक्त सह्यांची मागणी वाढते. भावही वाढतो.

इथे एक कबुली द्यायची आहे. सहीचा अधिकार मिळाला त्या पहिल्याच जुलैत एका गोडाऊनचा फॉर्म बी मी टेस्ट न घेता दिला. पंपरूमची किल्ली मालकाकडे होती, मालक गावाला, शेवटची तारीख जवळ आणि ते गिऱ्हाईक मला सोडायचं नव्हतं. बाहेरून हेडं दिसत होती, गेजवर दाब दिसत होता, मनाला म्हटलं चालतंय. जानेवारीत गेलो आणि व्हॉल्व्ह उघडला, तर गेज अडकलेलं निघालं. सहा महिने ते तोच आकडा दाखवत होतं आणि पाइपात दाबच नव्हता. आग लागली नाही, म्हणून ही गोष्ट मी आज इथे आरामात सांगू शकतो. लागली असती तर आत झोपणाऱ्या दोन हमालांच्या बायकापोरांना काय सांगितलं असतं, यावर माझ्याकडे अजूनही उत्तर नाही. तेव्हा "हा स्वतःला फार शहाणा समजतो" असं ज्यांना वाटतंय त्यांनी हे लक्षात घ्यावं. शहाणपण त्या गेजपाशी आलंय.

आणि भाऊजी, एक हिशेब तुमच्या सोयीचा सांगतो. तुम्हाला वाटतं की लायसनवाल्याची सही आली म्हणजे तुम्ही सुटलात. नाही सुटलात. मूळ जबाबदारी कायद्याने मालक-भोगवटादारावर टाकली आहे, म्हणजे तुमच्या सोसायटीवर. खोटा दाखला देणारा त्याच्या जागी अडकेलच, पण तुमच्या डोक्यावरचं ओझं त्याच्या पीडीएफने इंचभरही हलत नाही. उलट काही झालं तर तुमच्याच फाइलीत असा कागद सापडेल, ज्यात पंप चालू लिहिलाय आणि ज्याच्या पॅनलचा स्विच बंद आहे.

याहून महत्त्वाचं म्हणजे, आग लागली की धावत येतात ते अग्निशमन दलाचे जवान. ते तुमच्या राइझरला होज जोडणार, पाणी येईल या भरवशावर आत शिरणार. त्यांनी तुमचा फॉर्म बी वाचलेला नसतो, पण त्यांचा जीव मात्र त्याच्यावर टांगलेला असतो. अशा वेळी आत शिरणाऱ्याला "सगळेच देतात" हे सांगता येईल का?

नुसती टीका करून थांबत नाही, उपायही सांगतो. फुकटचे आहेत. दाखला घेताना नुसती सही घेऊ नका, आकडे मागा. कुठल्या तारखेला कुठला टेस्ट व्हॉल्व्ह उघडला, उघडण्याआधी दाब किती होता, किती दाबाला पंप आपोआप सुरू झाला, किती सेकंदांनी घंटा वाजली, टाकीत पाणी किती होतं. हे पाच आकडे दाखल्याच्या शेजारी नोटीस बोर्डावर लावा, आणि टेस्टच्या वेळी सोसायटीतले दोघे जण खाली उभे करा. जो एजन्सीवाला "त्याची काही गरज नसते हो" म्हणेल, त्याला चहा पाजून परत पाठवा. आम्हा लायसनवाल्यांनाही सांगतो, स्वस्तात पीडीएफ देणारा तुमचं गिऱ्हाईक पळवतो असं रडू नका. आपण आकडे द्यायला लागलो तर त्याला ते कुठून तरी आणावे लागतील, आणि आणायचे तर पंपरूममध्ये उतरावंच लागेल.

आत्या, तू म्हणालीस नात्यात असं करतात का. अगं, नात्यातच करायचं असतं. परक्याच्या इमारतीला खोटी सही दिली तर निदान रात्री झोप लागते असं म्हणणारे या धंद्यात भेटतात. मला तीही लागली नव्हती. इथे तर त्या बेसमेंटच्या बरोबर वर, तिसऱ्या मजल्यावर, माझी भाची झोपते.

असो. फार लांबलं.

ता.क. हे लिहून ठेवलं होतं, टाकू की नको असं चाललं होतं. काल ताईचा फोन आला. तळमजल्यावरच्या काकांनी स्वतःच कमिटीला पत्र दिलंय की आवाज त्यांना होतो हे खरं, पण पंप बंद करा असं ते कधी म्हणालेच नव्हते, गळती काढा म्हणाले होते. प्लंबर येऊन गेला. बॅटरीचं अजून ठरत नाहीये. भाऊजींनी निरोप दिलाय, "त्याला सांग, त्याचा तो कागद परत पाठव, माझ्याकडचा हरवला." पाठवलाय. टेस्ट घ्यायला कधीही बोलवा, पोहे नसले तरी चालतील.