राहिलेली यात्रा आणि घरची एकादशी

आज आषाढ शुद्ध एकादशी. चंद्रभागेच्या वाळवंटी वैष्णवांचा मेळा भरला आहे आणि टाळमृदंगांच्या घोषाने पंढरी दुमदुमत आहे. परंतु ज्यांचे मन तेथे आणि देह मात्र घरी, अशीही असंख्य कुटुंबे आज असतील. महिनाभर आधी बेत ठरलेला असतो, रजेचा अर्ज दिलेला असतो, एस. टी.च्या जादा गाडीची चौकशी झालेली असते. आणि ऐन वेळी आजींना ताप भरतो, रजा नामंजूर होते, अथवा पाऊस वाट अडवतो. भरलेल्या पिशव्या पुन्हा रिकाम्या कराव्या लागतात. अशा घरांसाठी आजच्या दिवशी चार शब्द लिहावेत, असे आम्हांस वाटले.

बेत मोडल्याचे दुःख खरे असते. त्यास क्षुल्लक म्हणू नये. ‘देव घरीही भेटतो, मग जायचे कशाला?’ असे विचारणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. आळंदीपासून सुमारे २५० किलोमीटरांची वाट पायी तुडविणाऱ्यास जे लाभते, ते माजघरात बसून लाभत नाही, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. प्रश्न निराळाच आहे. जाणे राहून गेले, तर हाती उरलेल्या दिवसाचे आपण काय करतो?

बहुधा असे होते की, घर रुसून बसते. वडील वर्तमानपत्राआड जातात, मुले मोबाइल घेऊन आपापला कोपरा धरतात आणि गृहिणी मुकाट्याने भगरीला आधण ठेवते. ज्यांच्या दुखण्यामुळे जाणे राहिले, त्या आजी भिंतीकडे तोंड करून पडून असतात. ‘माझ्यामुळे सर्वांचे राहिले’ हे शल्य त्यांना ज्वरापेक्षाही अधिक जाळत असते. कोणी त्यांना तसे बोलून दाखवीत नाही. पण आदळलेल्या भांड्यांतून ते ऐकू येतेच. यात्रा चुकल्याने किती पुण्य उणे झाले, हे देव जाणे. परंतु घरातील एका वृद्ध जीवास सणाच्या दिवशी आपण ओझे झालो असे वाटले, तर त्या घराने काहीतरी खरोखरच गमावले, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आणि हे विठ्ठलाच्याच एकादशीला घडावे, याहून मोठी विसंगती कोणती? ज्या मूर्तीच्या दर्शनासाठी आपण तळमळतो, ती तेथे उभी का आहे, हे आठवून पाहावे. भक्त पुंडलिक मातापित्यांच्या सेवेत गढला होता. साक्षात भगवंत दारी आले, तरी तो सेवा सोडून उठला नाही. त्याने वीट पुढे सारली आणि थांबावयास सांगितले. देव रागावला नाही, विटेवर उभा राहिला, तो अजून उभाच आहे. म्हणजे पंढरीचा आरंभच मुळी एका घरात, आईवडिलांच्या पायांशी झाला. दुखणाईत आजीच्या उशाशी बसल्यामुळे ज्यांची पंढरी चुकली, त्यांनी मनात खंत का धरावी?

संतांच्या चरित्रांतही हाच भाव दिसतो. अरणचे सावता माळी पंढरीपासून फार दूर नव्हते. तरी मळ्यातील काम हीच त्यांनी पूजा मानली, आणि पांडुरंगच त्यांच्या भेटीस गेला, अशी श्रद्धा आहे. एकनाथांची कथा तर सर्वश्रुतच आहे. रामेश्वरास वाहावयाचे कावडीतील गंगाजल त्यांनी वाटेत तहानेने तळमळणाऱ्या गाढवास पाजले. लौकिक अर्थाने ती यात्रा निष्फळ झाली. पण ती तेथेच पूर्ण झाली असे नाथांनी मानले.

नजीकच्या काळातील अनुभवही विसरता येणार नाही. २०२० साली साथीच्या रोगामुळे पायी वारी होऊ शकली नाही. संतांच्या पादुका एस. टी.च्या गाडीने पंढरीस गेल्या. २०२१ सालीही तेच झाले. १ जुलै २०२० ची ती आषाढी लाखो वारकऱ्यांनी आपापल्या घरी केली. २०२२ साली पायी सोहळा पूर्ववत् निघाला, तेव्हा भक्ती तसूभरही ओसरलेली नव्हती. घराघरांतून ती जपली गेली होती.

तेव्हा जाणे राहिलेल्या घरांस आमचे सांगणे इतकेच की, हा दिवस वाया गेला असे समजू नका. मात्र तो आपोआप गोड होणार नाही. तो सर्वांनी मिळून गोड करावा लागतो. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्याकडे थट्टेने म्हणतात. पण त्या दुप्पट फराळामागे कष्ट एकाच व्यक्तीचे असतात, याचा विचार कोणी करीत नाही. शेंगदाणे भाजून कूट करणे, रताळी सोलणे ही कामे पुरुषांनी आणि मुलांनी उचलावीत. गृहिणीलाही घटकाभर देवापुढे स्वस्थ बसता आले, तरच ती घरची एकादशी. दुपारी आजींच्या खाटेभोवती सर्वांनी बसावे आणि त्यांनी पूर्वी केलेल्या वाऱ्या त्यांच्याच तोंडून ऐकाव्यात. कोणत्या गावी मुक्काम पडला, कोणी भाकरी वाढली, पावसात कोठे आडोसा मिळाला, हे मुलांना दुसरे कोण सांगणार? दिवेलागणीला मोबाइल बाजूस ठेवून सर्वांनी एकत्र हरिपाठ म्हणावा. टाळ नसतील तर टाळ्या पुरतात. लहानग्यांनी तुळशीभोवती रिंगण धरले, तर त्यांना थोपवू नये.

पंढरीची वाट पुढील वर्षीही तेथेच असेल, आणि विठोबाही. घरातील सर्व माणसे मात्र दरवर्षी अशी एकत्र लाभतीलच, असे नाही. म्हणून आज जी लाभली आहेत, त्यांच्यातच पांडुरंग पाहावा. तो कृपाळू पंढरीनाथ वाटेवरच्या आणि घरातल्या सर्व भक्तांना सुखरूप ठेवो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.