उरलेल्या तेलाचा हिशेब

चऱ्होलीहून चाकणच्या दिशेने निघाले की कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या नव्या मोटारींचे ताफे दृष्टीस पडतात. या उद्योगाचा आपल्याला अभिमान आहे, आणि तो योग्यही आहे. परंतु देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आपण परदेशांतून आणतो, हे विसरून चालणार नाही. अशा वेळी मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर सागरतळाखाली अडकून राहिलेल्या तेलाचा विचार अगत्याचा ठरतो.

‘मुंबई हाय’चा शोध १९७४ साली ‘सागर सम्राट’ने लावला, १९७६ पासून तेथे उत्पादन सुरू झाले. हे तेल एखाद्या तळ्यात साठलेले नसून चुनखडकाच्या सूक्ष्म छिद्रांत मुरलेले आहे. खडकातील मूळ दाब ओसरला की ते आपणहून वर येईनासे होते. म्हणून १९८४ पासून तेथे पाणी सोडण्यात येऊ लागले. मात्र पाणी नेहमी सोपी वाट धरते. सच्छिद्र थरांतून आणि भेगांतून ते थेट विहिरीपर्यंत पोहोचते, आणि घट्ट खडकातील तेल मागेच राहते. उपशाची घाई जितकी अधिक, तितका हा धोका मोठा. ऐंशीच्या दशकात वार्षिक उद्दिष्टांपायी हे क्षेत्र पिळून काढले गेले, अशी टीका पुढे झाली, तिचे मर्म हेच होते.

याउलट उदाहरण नॉर्वेच्या ‘एकोफिस्क’चे. तेथील भेगाळ खडूच्या खडकातून एकूण साठ्याचा जेमतेम सहावा हिस्सा हाती लागेल, असा आरंभीचा अंदाज होता. १९८७ पासून मोठ्या प्रमाणावर पाणी सोडण्यात आले. भेगांतून शिरलेले पाणी खडकाने शोषून घेतले आणि तेल बाहेर ढकलले. आता तेथे निम्म्याहून अधिक साठा हाती येण्याची अपेक्षा आहे. अर्थात दोन्ही ठिकाणचे खडक सारखे नाहीत; परंतु चिकाटीने केलेला अभ्यास फळ देतो, एवढे यावरून निश्चित दिसते.

जानेवारी २०२५ मध्ये तेल व नैसर्गिक वायू महामंडळाने ‘मुंबई हाय’साठी ब्रिटिश कंपनी ‘बीपी’ची दहा वर्षांसाठी तांत्रिक साहाय्यक म्हणून निवड केली. पहिली दोन वर्षे ठरावीक शुल्क आणि नंतर वाढीव उत्पादनाच्या उत्पन्नातील वाटा, असे मोबदल्याचे स्वरूप आहे. परदेशी तज्ज्ञांचे साहाय्य घेण्यात कमीपणा नाही. प्रश्न आहे तो प्रेरणेचा. दहा वर्षांतील वाढीवर मोबदला ठरला, की अकराव्या वर्षाची चिंता कोणी वाहायची? आजची वाढ उद्याच्या तेलाच्या मोलावर तर मिळवली जात नाही ना, हे कोण पाहणार?

म्हणून वार्षिक उत्पादनाच्या आकड्यांबरोबरच अंतिमतः किती टक्के साठा हाती येईल आणि वर येणाऱ्या द्रवात पाण्याचे प्रमाण किती आहे, याचा हिशेब दरवर्षी संसदेपुढे मांडला गेला पाहिजे. खनिज तेल हे व्याज नव्हे, मुद्दल आहे. मुद्दल खर्चणाऱ्या कुटुंबाने निदान वहीखाते तरी चोख ठेवावे.