गर्भातील उचकी आणि गर्भाची स्तब्धता

तुळिंजमधील व्यापारी घरांत रात्री उशिरा दुकानाचे हिशेब मिटतात, घर निजते, आणि कुशीवर पहुडलेल्या गर्भवती सुनेच्या ओटीपोटात ठराविक अंतराने काहीतरी उडू लागते. पाच-दहा मिनिटे ते चालते आणि आपोआप थांबते. कोणी म्हणते बाळाचा जीव गुदमरतो आहे, कोणी नाळेचा वेढा पडल्याचे सांगते, कोणी सुनेच्या खाण्यात दोष शोधते. वास्तविक ती बाळाची उचकी असते.

छाती व पोट यांमधील श्वासपटल एकाएकी आकुंचन पावते आणि बाळाला लहानसा हिसका बसतो. श्वसनाच्या स्नायूंची ही जन्मापूर्वीची तालीमच म्हणावी. आईला ती बहुधा सहाव्या-सातव्या महिन्यानंतर जाणवते. दिवसातून एकदा लागो वा चारदा, तिला औषध लागत नाही. काही मातांना ती कधीच जाणवत नाही. त्यातही वावगे नाही. मात्र बाळाच्या हालचाली मोजताना उचकी जमेस धरू नये. लाथ, वळणे, कूस बदलणे, ढुशी देणे, हीच खरी जमा.

पहिलटकरणीला ही चाहूल साधारण १८ ते २० आठवड्यांत लागते, दुसऱ्या खेपेस काहीशी आधी. वार पोटाच्या पुढील बाजूस असेल तर उशीर होतो. २४ आठवडे झाले तरी काहीच जाणवले नाही, तर डॉक्टरांना दाखवावे. पुढे ३२ आठवड्यांपर्यंत हालचाली वाढत जातात आणि मग स्थिरावतात. बाळ झोपते तेव्हा २० ते ४० मिनिटे शांत राहते. ही झोप दीड तासापलीकडे क्वचितच जाते. ‘नववा लागला, आता जागा उरली नाही, म्हणून बाळ फिरत नाही’ हे वडीलधाऱ्यांचे वाक्य कितीही मायेने उच्चारलेले असो, ते चुकीचे आहे. हालचालीची रीत बदलते, लाथेऐवजी सरकणे अधिक जाणवते. परंतु हालचाल प्रसूतीपर्यंत कमी होत नाही.

श्वेतांबर परंपरेत पर्युषणात वाचल्या जाणाऱ्या कल्पसूत्रात या विषयाचा एक विलक्षण प्रसंग आहे. आपल्या हालचालीने मातेला क्लेश होऊ नयेत, या अनुकंपेने गर्भस्थ वर्धमान निश्चल झाले. त्रिशलामाता शोकाकुल झाली, राजा सिद्धार्थाच्या प्रासादातील वाद्ये थांबली. गर्भाने किंचित स्पंदन केले तेव्हाच तिचा जीव भांड्यात पडला. हा प्रसंग दरवर्षी ऐकणाऱ्या घरांनी त्यातील एक तपशील विशेष ध्यानी घ्यावा: मातेच्या शंकेला तेथे कोणी हसले नाही. ती अनुकंपा तीर्थंकरांची होती. आजच्या गर्भाच्या स्तब्धतेचा तसा अर्थ कोणी लावू नये. प्राणवायूचा पुरवठा अपुरा पडला की बाळ शक्ती राखण्यासाठी हालचाल कमी करते, हे वैद्यकाला ठाऊक आहे.

दहापर्यंत मोजण्याची पद्धत पिअर्सन व वीव्हर यांनी १९७६ साली ब्रिटनमध्ये मांडली. आज सामान्यतः असे सांगतात की, २८ आठवड्यांनंतर शंका आली तर डाव्या कुशीवर शांत पडून लक्ष द्यावे. दोन तासांत दहा हालचाली न जाणवल्यास रुग्णालय गाठावे. परंतु आकडा हा केवळ आधार आहे. रोज सायंकाळी उसळणारे बाळ आज मंद वाटते, हे मातेचे निरीक्षण अधिक मोलाचे. मुळीच हालचाल नसेल, तर दोन तासही थांबू नये.

चौविहार पाळणाऱ्या घरांत येथे एक घोटाळा होतो. ‘रात्रभर पोट रिकामे आहे, सकाळी नवकारशी पारली की बाळ फिरेल’ असे म्हणून रात्र काढली जाते. खाण्याने बाळ जागे होईलच, याची शाश्वती नाही आणि त्या प्रतीक्षेत अमूल्य तास जातात. घरी यंत्राने ठोके ऐकून समाधान मानणेही तितकेच फसवे.

पावसाळ्यात तुळिंज रस्त्यावर पाणी साचते, हे येथील रहिवाशांना सांगावे लागत नाही. म्हणून सातव्या महिन्यातच ठरवावे: रात्री कोठे जायचे, वाहन कोणाचे, पाणी भरल्यास मार्ग कोणता. महापालिकेचे रुग्णालय तुळिंजमध्येच आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे. नेहमीच्या डॉक्टरांकडे रात्री कोण असते, हेही आधीच विचारून ठेवावे.

रुग्णालयात पोटाला पट्टे बांधून बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढतात. त्यास साधारण २० मिनिटे लागतात, गरज वाटल्यास सोनोग्राफी होते. बहुतेक वेळा सर्व ठीक निघते आणि सून घरी परतते. त्यावर ‘उगाच धावपळ केली’ असे कोणी म्हणू नये, कारण पुढच्या वेळी ती सांगताना कचरेल. हालचाल पुन्हा मंदावली तर पुन्हा जावे, आणि दुसऱ्या वेळी अधिक तातडीने.