रौद्ररस आणि रसिकांचे कान

‘गोंगाट म्हणजे संगीत नव्हे’ हें वाक्य नाशकांतील सुशिक्षित रसिकांच्या तोंडीं इतकें बसलें आहे कीं, त्याचा अर्थ तपासण्याचे कष्ट कोणी घेत नाहीं. मुंबईच्या ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ या वाद्यवृंदाच्या ‘दशावतार’ या २०१७ सालच्या ध्वनिमुद्रिकेचा विषय निघाला, कीं हेंच वाक्य ढालीसारखें पुढें येतें. त्या ढालीमागें काय आहे, हें पाहणें अगत्याचें आहे.

इ. स. १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत ‘थ्रॅश मेटल’ नांवाची पद्धति रूढ झाली. विजेच्या गिटारीवर अतिद्रुत आघात आणि ढोलांचा अखंड मारा, हें तिचें लक्षण. तिच्यांतूनच निघालेल्या ‘डेथ मेटल’मध्यें गायक गात नाहीं, गुरगुरतो. साहिल मखिजा यांनीं २००० सालीं स्थापिलेला हा वृंद याच कुळांतला; आणि या मुद्रिकेंत मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांचीं दहा गाणीं आहेत.

पहिला आक्षेप असा कीं, देवांचीं चरित्रें अशा भेसूर आवाजांत गाऊं नयेत. आम्ही विचारतों, खांब फोडून निघालेला आणि हिरण्यकशिपूचें पोट फाडणारा नृसिंह कोणत्या मंजुळ स्वरांत आळवावा? भरतमुनींनीं शृंगाराच्या पंक्तीलाच रौद्र, भयानक आणि बीभत्स बसविले. आमच्या रसिकांनीं ते परीक्षेच्या उत्तरपत्रिकेपुरते ठेवले. आमच्याच जिल्ह्याच्या आदिवासी भागांत बोहाड्याच्या रात्रीं संबळाच्या ठेक्यावर नृसिंहाचा मुखवटा नाचतो, तेव्हां अंगावर कांटा उभा राहतो. त्या भाविकांना रौद्राची व्याख्या पाठ नसेल, पण रौद्र ओळखतां येतो. आणि ज्या शहरानें आपलें नांव एका ढोलाला दिलें, त्यानें दुसऱ्याच्या ढोलाला गोंगाट म्हणावें, हा तर विनोदच होय!

दुसरा आक्षेप परकेपणाचा. पेटी तरी कोठली? आकाशवाणीनें १९४० सालीं तिलाही परकी म्हणून बाहेर काढलें होतें. पुढें ती बंदी गेली, पेटी राहिली. आणि आज तिच्यावांचून कीर्तन उभें राहत नाहीं. फिडलाची कथा निराळी नाहीं.

मात्र या मुद्रिकेंत एक खरें उणें आहे, आणि आश्चर्य हें कीं, तें आक्षेपकांच्या ध्यानींही येत नाहीं. तिचे शब्द इंग्रजी आहेत. पंचवटीच्या छायेंत वाढलेल्या मुलाला या नव्या स्वरांत राम भेटतो, तो परभाषेंतून. हा दोष आम्ही त्या वृंदाच्या माथीं मारीत नाहीं. पोवाड्याचा वारसा सांगणाऱ्या भाषेंत आजच्या कवींनीं रौद्राला शब्द पुरविले नाहींत, तर तरुणांनीं ते कोठून आणावे? ज्यांस हा आवाज असह्य होतो, त्यांनीं कान झांकून घेण्यापेक्षां त्याला पेलतील अशीं दहा मराठी गाणीं लिहून द्यावींत. मग गोंगाट कोणता आणि संगीत कोणतें, याचा निवाडा आपोआप होईल.