पात्र प्रवेशात घडते

चंडीगडचा सेक्टर ४३ हा भाग दोन गोष्टींमुळे सर्वांना ठाऊक असतो. तेथे जिल्हा न्यायालयाचे संकुल आहे आणि पंजाब, हिमाचल प्रदेश, जम्मू-काश्मीरकडे जाणाऱ्या गाड्यांचे मोठे बसस्थानक आहे. हातात कागदपत्रांची पिशवी आणि मनात तारखेची धास्ती घेऊन आलेली माणसे तेथे दिवसभर ये-जा करीत असतात. याच भागात माझी महाविद्यालयीन काळातील एक मैत्रीण राहते. विवाहानंतर ती तिकडे स्थायिक झाली आणि गेली अनेक वर्षे अभिनय शिकवते. दिवाणखान्यातील खुर्च्या भिंतीकडे सरकवल्या की तिचा वर्ग तयार होतो. गेल्या हिवाळ्यात मी तिच्याकडे उतरले होते, तेव्हा तिच्या पाच-सहा विद्यार्थ्यांची तालीम पाहण्याचा योग आला. बलवंत गार्गी यांनी १९७२ मध्ये पंजाब विद्यापीठात स्थापन केलेल्या भारतीय रंगभूमी विभागात शिकण्याची त्यांतील काहींची इच्छा होती.

तालमीसाठी निवडलेले नाटक ऐकून मला आनंद झाला. ते होते विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’, अर्थात त्याचे हिंदी रूप. १९६७ मध्ये ‘रंगायन’ने हे नाटक रंगभूमीवर आणले. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचे होते आणि लीला बेणारे या शिक्षिकेची भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली होती. मुंबईची एक हौशी मंडळी अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करण्यासाठी एका गावात येते. सामंत नावाच्या स्थानिक तरुणाला कोर्टाची रीत समजावी म्हणून ही मंडळी एक लुटुपुटीचा खटला उभा करते. बेणारेबाईंना आरोपी केले जाते आणि पाहता पाहता त्या खेळातून त्यांच्या खाजगी आयुष्याचीच चिरफाड सुरू होते. तालमीसाठी घेतला होता तो मात्र अगदी आरंभीचा प्रवेश. रिकाम्या सभागृहात बेणारे आणि सामंत हे दोघेच आधी येऊन पोहोचले आहेत आणि बाकीच्यांची वाट पाहत आहेत. वरवर पाहता तेथे काहीच घडत नाही. बेणारे बोलत राहते आणि सामंत ऐकत राहतो.

बेणारेचे काम करणारी मुलगी मोठी कष्टाळू होती. तिने वहीची चार पाने भरून आणली होती. बेणारेचे वय, बालपण, आवडता रंग, शाळेतील तिची शिस्त, तिने भोगलेले दुःख, सारे त्यात होते. मग तिने प्रवेश करून दाखवला. पहिल्या वाक्यापासून तिचा आवाज दाटलेला होता. पुढे काय होणार हे तिला माहीत असल्यामुळे बेणारेलाही ते माहीत असल्यासारखे वाटत होते. माझ्या मैत्रिणीने तिला मध्येच थांबवले नाही. प्रवेश संपल्यावर तिने एवढेच विचारले, “समोर उभ्या असलेल्या या माणसाकडून तुला आत्ता काय हवे आहे?”

चार पानांत या प्रश्नाचे उत्तर नव्हते.

थोड्या वेळाने मुलगी म्हणाली की, या परक्या जागी त्याने मला एकटीला सोडून जाऊ नये असे मला वाटते. “मग तेवढेच कर,” असे सांगून प्रवेश पुन्हा सुरू झाला. या वेळी सामंताची नजर दाराकडे वळली की तिचे बोलणे भराभर होऊ लागले. शाळेची चौकशी, स्वतःच्या आयुष्यावरचा स्वतःचा हक्क, हे विषय ती सहज बोलता बोलता काढते. तेच संवाद आता एखाद्याला थोपवून धरण्यासाठी निघत होते. तिसऱ्या खेपेस तिने वेगळे उत्तर शोधले. बाकीची मंडळी येण्यापूर्वी निदान एका माणसाचे आपल्याविषयी चांगले मत झालेले असावे, असे बेणारेला वाटते. तेव्हा तिच्या हसण्याला एक निराळीच धार आली. दुःखाचा अभिनय तिने कोठेही केला नाही. तरीही पाहणाऱ्या आम्हाला तिची काळजी वाटू लागली.

ही तालीम पाहताना मला माझ्याच व्यवसायाची आठवण झाली आणि थोडे ओशाळल्यासारखे झाले. नाट्यउतारा शिकवला की त्याखाली आम्ही ‘अमुक पात्राचे स्वभावचित्रण करा’ असा प्रश्न घालतो. मी स्वतः तो कितीदा घातला आहे, याची मोजदाद नाही. विद्यार्थी लिहितात : बेणारे स्वाभिमानी, बोलकी, कर्तव्यदक्ष आणि सोशिक आहे. प्रत्येक विशेषणाला एक उदाहरण आणि प्रत्येक उदाहरणाला एक गुण. तपासणाऱ्याला हे सोयीचे असते, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु स्वाभिमानाचा अभिनय कसा करणार? विशेषण हे पात्राविषयी दुसऱ्याने काढलेले अनुमान असते. नटाला करायची असते ती कृती, आणि कृती नेहमी कोणाच्या तरी संदर्भात होते. बेणारे सामंताजवळ जशी आहे तशी काशीकरांसमोर नाही, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात तर ती तिसरीच असते. या तिन्हींची सरासरी काढून स्वभाव सांगता येतो, पण पात्र हातातून निसटते. म्हणून अभिनयाचे शिक्षण एकेका प्रवेशातून झाले पाहिजे, असे माझे मत आहे. प्रवेशात समोर दुसरा माणूस असतो आणि त्याच्यावाचून पात्र घडत नाही.

रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्की (१८६३-१९३८) याने नटाच्या शिक्षणाचा आयुष्यभर विचार केला. नटाने स्वतःच्या स्मृतीतील भावना जागवाव्यात यावर त्याचा आधी मोठा भर होता. उत्तरायुष्यात मात्र तो साध्या शारीरिक कृतींकडे वळला. भावना हुकमी येत नाही. दार उघडणे, कोणाला अडवणे, कोणाची मनधरणी करणे या गोष्टी मात्र हुकमी करता येतात, आणि त्या मनापासून केल्या की भावना बहुधा मागोमाग येते. आपल्या नाट्यशास्त्राने आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांतील सात्त्विक अभिनय सर्वांत अवघड मानतात, तो उगीच नव्हे.

यावर कोणी म्हणेल की, आमच्या जुन्या नटांना हे प्रश्न कोणी विचारले होते? तालीम मास्तरांनी वाक्य म्हणून दाखवावे आणि नटाने ते तसेच उचलावे, याच रीतीने मराठी रंगभूमी उभी राहिली. आक्षेप खोटा नाही. ‘शारदा’कार गोविंद बल्लाळ देवल हे स्वतः नामांकित तालीम मास्तर होते आणि त्यांच्या हाताखाली मोठे नट घडले. अनुकरणाला मी तुच्छ लेखत नाही. आपण भाषासुद्धा अनुकरणानेच शिकतो. मात्र उत्तम मास्तर मिळाला तरच ती रीत फळते. मास्तर सामान्य असला तर त्याच्या लकबींच्या प्रती तेवढ्या निघत राहतात. स्पर्धेच्या नाटकांतून एकाच गावचे चार नट एकाच सुरात रडताना मी पाहिले आहेत!

दुसरी एक शंका मला अधिक गंभीर वाटते. पात्राचे दुःख समजावे म्हणून काही शिक्षक विद्यार्थ्याला त्याच्या स्वतःच्या जखमा उकरायला लावतात. वयाने मोठ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत तर हा मोह अधिक असतो, कारण त्यांच्यापाशी आयुष्याचा साठा मोठा असतो. शिक्षण मध्येच सुटलेले असते. कोणी दुकानात राबलेले असते, कोणी घरच्या आजारपणात वर्षे घालवलेली असतात. हा साठा मोलाचा आहे यात शंका नाही. पण तो मागण्याचा हक्क शिक्षकाला नाही. बेणारेची भूमिका करण्यासाठी बेणारेवर आलेला प्रसंग स्वतःवर यावा लागत नाही. कोणाला तरी थांबवून ठेवावेसे वाटणे पुरते, आणि ते प्रत्येकाला माहीत असते. सुलभाताई स्वतः शाळेत शिक्षिका होत्या. त्यामुळे बेणारेचा पेशा त्यांच्या परिचयाचा होता. तिची शोकांतिका मात्र त्यांना नाटकाच्या संहितेतूनच गाठावी लागली असणार.

माझी मैत्रीण तिच्या विद्यार्थ्यांना अधूनमधून बसस्थानकावर आणि न्यायालयाच्या फाटकापाशी नेते. माणसांच्या चालीची आणि खोकल्याची नक्कल करून आणण्यास तिने सक्त मनाई केली आहे. कोण कोणाकडून काय मिळवू पाहत आहे आणि ते मिळत नाही तेव्हा तो दुसरा कोणता मार्ग धरतो, एवढेच पाहायचे. वकिलाच्या कारकुनाला गाठणारी एक वृद्ध बाई आधी रागावली, मग हसली, मग तिने त्याच्या मुलाबाळांची चौकशी केली. तिला हवी होती फक्त पुढची तारीख. त्या बाईचे स्वभावचित्रण करायला सांगितले तर आपण काय लिहिणार?

परत आल्यावर पुन्हा तोच प्रवेश झाला. आता बोलण्याची पाळी सामंत झालेल्या मुलाची होती. तोवर तो बिचारा ‘भोळा, ग्रामीण तरुण’ म्हणून तोंड उघडे ठेवून नुसता उभा होता. “आणि तुला हिच्याकडून काय हवे आहे?” या प्रश्नाने तो गोंधळला. सामंताच्या हातात पुतण्यासाठी घेतलेला हिरवा कापडी पोपट असतो. नाटकाच्या शेवटी, उद्ध्वस्त होऊन पडलेल्या बेणारेपुढे, काहीच करता येत नाही म्हणून तो तोच पोपट ठेवतो. मुलाने बराच वेळ त्या पोपटाकडे पाहिले. तालमीपुरती ती हिरव्या रुमालाची गुंडाळी होती. मग पहिल्याच प्रवेशात, बेणारे हसली तेव्हा, ती गुंडाळी त्याने पाठीमागे लपवली. शहरातल्या शिकलेल्या बाईसमोर खेळणे घेऊन उभे राहण्याची त्याला लाज वाटली होती. हे त्याला कोणी सांगितले नव्हते, आणि त्याच्या वहीतही ते नव्हते.