भिंतीच्या आतले आणि भिंतीवरचे

विनोबांचे जन्मगाव एवढीच गागोदे बुद्रुकची ओळख उर्वरित महाराष्ट्राला आहे. ११ सप्टेंबर १८९५ रोजी तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील या गावी विनायक नरहरी भावे यांचा जन्म झाला. वडील बडोद्यास नोकरीला होते. बालपण गागोद्यात काढून विनोबाही पुढे तिकडे गेले. पोटापाण्यासाठी गाव सोडण्याची ही वाट पेण तालुक्यातल्या कितीतरी घरांना ठाऊक आहे. कोणी गिरणीत गेला, कोणी गोदीत, कोणी बेस्टमध्ये. आता त्यांच्यातील अनेकांची वाट अर्ध्यावर परतते आहे. निवृत्त झालेल्या माणसाला मुंबईत घर परवडत नाही, गावच्या घरात चार भावांचे वाटे असतात, मुलाची नोकरी पनवेल-बेलापूरकडे असते. मग भविष्यनिर्वाह निधीचे पैसे, मुलाचे कर्ज आणि सुनेचे दागिने एकत्र करून पेण शहरात किंवा त्याच्या आसपास नव्या इमारतीत सदनिका घेतली जाते. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. त्यामुळे या भागातील घरांच्या जाहिरातींना भलतेच उधाण आले आहे.

सदनिकेचा सौदा ठरला की कुटुंबाच्या हाती एक कागद पडतो. त्यावर जादा कामांची यादी असते. दिवाणखान्यात पीओपीचे छत, मोठ्या आकाराच्या चकचकीत टाइल्स, मॉड्युलर किचन, मुख्य दाराला सागाचे आवरण, खिडक्यांना ग्रिल, गिझरचा पॉइंट, धुलाई यंत्रासाठी नळ, माळा, न्हाणीघरात अधिक चांगला जलरोधक थर. प्रत्येकापुढे रक्कम लिहिलेली असते आणि आठ दिवसांत खुणा करून कागद परत द्यावयाचा असतो. ज्या कुटुंबाने आयुष्यात हे एकच घर घ्यावयाचे आहे त्याच्यापुढे हा प्रश्न परीक्षेसारखा उभा राहतो. सल्ला देणारे पुष्कळ भेटतात, परंतु त्यांतील बहुतेकांना त्या खुणांवर दलाली मिळत असते.

विनोबांच्या गावाचा संदर्भ निघाला की साधेपणाचा उपदेश करण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. विनोबांचा अपरिग्रह हा स्वेच्छेने स्वीकारलेला होता; ज्या बाईने वीस वर्षे चाळीतल्या सामाईक नळावर पाणी भरले आणि सामाईक संडासापुढे रांग लावली, तिचा साधेपणा परिस्थितीने लादलेला होता. तिला आता गुळगुळीत फरशी हवीशी वाटली तर तो चंगळवाद नव्हे. शेणाने सारवलेल्या जमिनीचे कौतुक बहुधा तीच माणसे करतात ज्यांना ती कधी सारवावी लागली नाही. तेव्हा प्रश्न हौस करावी की करू नये हा नाही. मर्यादित पैशातून आधी काय घ्यावे, आणि जे घ्यावयाचे ते खरोखर ‘जादा’ आहे काय, हा आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर कोकणच्या पावसात आहे. रायगड जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत, नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर, भिंतीवर तिरका आपटत पडतो. जुन्या कोकणी घराची सारी रचना या पावसाशी केलेला समझोता होता. उतरती कौले, भिंतीपासून दूर पडणाऱ्या पागोळ्या, पुढे पडवी, मागे न्हाणी, उंच जोते. नव्या इमारतीत यातले काहीच नसते. सरळ उभी भिंत आणि वितभर छज्जा एवढ्यावर सारी भिस्त. दोन पावसाळ्यांत पश्चिमेच्या खोलीत ओल उतरते, पीओपीच्या छतावर पिवळे डाग पडतात आणि कपाटातले कपडे कुबट होतात. ज्या कुटुंबाने छतावर पैसे घातले आणि न्हाणीघराच्या जलरोधक थरावर वाचवले, त्याच्या छताची शोभा वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाच्या काटकसरीवर अवलंबून असते. कारण त्यानेही तेच वाचवलेले असते.

म्हणून जे भिंतीच्या, फरशीच्या आणि छताच्या आत जाणार आहे ते आधी पाहावे. जे नंतर भिंतीवर लावता येते, टांगता येते किंवा उभे करता येते, त्याला थांबवता येते. विजेच्या तारांची जाडी, योग्य अर्थिंग, गळती होताच प्रवाह तोडणारा ब्रेकर, फ्रिज आणि गिझरसाठी वेगळी लाइन, स्वयंपाकघरात पुरेसे पॉइंट, पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या नळ्या, मोरीचा उतार, या गोष्टी राहून गेल्या तर पुढे भिंत फोडावी लागते. आज थोड्या पैशात होणारे काम पाच वर्षांनी धूळ, मजुरी आणि शेजाऱ्याशी भांडण यांसह करावे लागते. मॉड्युलर किचन मात्र दिवाळीच्या बोनसातून दोन वर्षांनीही येऊ शकते, आणि गावच्या किंवा पेणच्याच सुताराकडून करून घेतले तर स्वस्तात येते. छताची नक्षी कधीच आली नाही तरी कोणाचे काही बिघडत नाही.

न्हाणीघराचे काम झाल्यावर चोवीस तास पाणी साठवून खालच्या छताला ओल येते का, हे पाहण्याची साधी चाचणी आहे. हे पाहणे खरेदीदाराने ताबा घेण्यापूर्वी मागितले पाहिजे. त्यास खर्च जवळजवळ नाही, म्हणून ते कोणत्याही यादीत नसते.

ही यादी घरात कोण वाचते, हेही पाहण्याजोगे आहे. बहुतेक ठिकाणी ती घरचा कर्ता आणि मुलगा वाचतात. खुणा दिवाणखान्यापुढे अधिक पडतात, कारण पाहुणे तेथे बसतात. ओट्याची उंची काम करणाऱ्या बाईच्या उंचीला साजेशी आहे काय, भांडी घासण्यासाठी वेगळी मोरी निघेल काय, जुलैत ओले कपडे कोठे वाळत घालावयाचे, हे प्रश्न जिला पडतात तिला करारनाम्यावर सही करताना बोलावतात, यादीवर खुणा करताना नव्हे. घरातील म्हाताऱ्यांचेही असेच. संडासात हाताला धरावयास दांडी, गुडघे दुखणाऱ्यासाठी कमोड, ओलसर पायाने घसरणार नाही अशी खरबरीत फरशी, या गोष्टी चकचकीत टाइल्सपेक्षा महाग नसतात. कित्येकदा स्वस्तच असतात. परंतु सॅम्पल फ्लॅटमध्ये त्या दिसत नाहीत, कारण सॅम्पल फ्लॅटमध्ये कोणी म्हातारे होत नाही.

पैशाचा हिशेबही मांडून पाहिला पाहिजे. जादा कामांचे दोन लाख रुपये घराच्या कर्जातच मिळवून घ्या, हप्त्यात फारसा फरक पडत नाही, असे सांगितले जाते. ९ टक्के व्याज आणि २० वर्षे मुदत धरली तर दोन लाखांसाठी दरमहा सुमारे १,८०० रुपये वाढतात आणि अखेरीस सुमारे ४ लाख ३२ हजार रुपये फेडले जातात. मॉड्युलर किचनच्या फळ्या तोवर बदलाव्या लागलेल्या असतात. हप्ता मात्र जुन्या फळ्यांचाच चालू असतो. तारा, नळ आणि जलरोधक थर यांसाठी असे कर्ज काढणे समजू शकते, कारण त्या गोष्टी कर्जाइतक्या तरी टिकतात.

परंतु खरा मुद्दा दुसरा आहे. या यादीतील निम्म्या बाबी यादीत असावयासच नको होत्या. न्हाणीघर गळणार नाही ही ‘सोय’ नव्हे. ते न्हाणीघर असण्याची अट आहे. गिझरचा पॉइंट, धुलाई यंत्राचा नळ यांवाचून आज शहरी घर चालत नाही. आवश्यक वस्तू मूळ किमतीतून काढावयाची, त्यामुळे जाहिरातीतील किंमत कमी दाखवावयाची आणि तीच वस्तू पुन्हा ‘जादा’ म्हणून विकावयाची, असा हा व्यवहार आहे. बांधकाम व्यावसायिकांची बाजू अशी की प्रत्येकाची आवड वेगळी, प्रत्येकाची ऐपत वेगळी. सर्वांवर एकच खर्च का लादावा? फरशीच्या रंगाबाबत आणि दाराच्या लाकडाबाबत हे म्हणणे रास्त आहे. सांडपाण्याच्या नळीबाबत ते लागू पडत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्याची ऐपत कमी म्हणून दुसऱ्या मजल्यावरच्याच्या छतातून पाणी का गळावे?

कायदा या बाबतीत समजला जातो तितका दुबळा नाही. स्थावर संपदा कायदा २०१६ चा. महाराष्ट्रात त्याचे प्राधिकरण १ मे २०१७ पासून आहे. नोंदणीकृत करारनामा होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. मंजूर आराखडा, सामानाचा दर्जा आणि कबूल केलेल्या सोयी यांत खरेदीदाराच्या संमतीशिवाय बदल करता येत नाही. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा, कारागिरीचा किंवा सेवांचा दोष दाखवून दिला तर तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यावा लागतो. मात्र यासाठी प्रत्येक गोष्ट करारनाम्यात उतरली पाहिजे. जादा कामांचा कागद बहुधा करारनाम्याच्या बाहेर राहतो, रक्कम रोखीने जाते, पावती मिळत नाही. उद्या नळी फुटली तर ते काम आमचे नव्हे, ठेकेदाराचे, असे उत्तर मिळते. तेव्हा ज्या कामासमोर खूण केली ते काम, त्याचा दर्जा आणि त्याची रक्कम करारनाम्याच्या परिशिष्टात नसेल तर ती खूणच करू नये.

याहून महत्त्वाचे हे की खुणा एकेकट्याने करू नयेत. यादी प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्रपणे, बंद खोलीत दाखवली जाते, आणि त्यामुळे शेजाऱ्याला काय दर सांगितला हे कोणालाच कळत नाही. वीस कुटुंबे ताब्यापूर्वी एकत्र बसली, जलरोधक थर आणि विजेची लाइन यांची मागणी मूळ किमतीत करावी असे त्यांनी ठरवले, तर बोलणी वेगळ्याच पातळीवर होतात. हा अनुभव कामगार चळवळीला नवा नाही. निम्म्याहून अधिक सदनिकांची नोंदणी झाली की संस्था स्थापन होण्याची तरतूद कायद्यातच आहे; ती ताब्यानंतरच्या देखभालीपुरती आहे असे समजण्याचे कारण नाही.

मुंबईत मृणाल गोरे आणि बाबुराव सामंत यांनी १९८० च्या दशकात नागरी निवारा परिषदेमार्फत गोरेगावात अल्प उत्पन्न गटातील कुटुंबांना एकत्र आणले. नागरी जमीन कमाल धारणा कायद्याखालची जमीन मागून तेथे सहा हजारांहून अधिक घरे उभी केली. ती लहान होती. परंतु नफ्याचा वाटा किमतीतून गेला की कमी पैशात काय मिळू शकते हे त्यांनी दाखवले. तो कायदा महाराष्ट्राने २००७ मध्ये रद्द केला, आणि तो मार्ग बंद झाला. त्याच दशकात बेलापूरला चार्ल्स कोरिया यांनी सिडकोसाठी जी वसाहत रचली, तिच्यात शेजारच्या दोन घरांत सामाईक भिंत ठेवली नाही. का, तर प्रत्येक कुटुंबाला सवड होईल तसे आपले घर वाढवता यावे. सात घरांमध्ये एक अंगण, आणि नळ-गटाराची सोय आधी. गागोद्याचे जुने घर असेच वाढत आले आहे. आधी माजघर, मग पडवी, मुलाचे लग्न ठरले की मागे एक खोली. इमारतीतल्या सदनिकेला ही मुभा नाही. म्हणून तेथे जे आत राहून गेले ते कायमचेच राहून जाते.

पेण तालुक्यातील आदिवासी वाड्यांवर हाच प्रश्न अधिक बिकट रूपात उभा असतो. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागासाठी केंद्राने ठरवलेले मूळ साहाय्य १ लाख २० हजार रुपये, किमान क्षेत्र २५ चौरस मीटर. कातकरी कुटुंबांसाठी २०२३ मध्ये जाहीर झालेल्या जनमन योजनेत २ लाख. एवढ्या रकमेत आधी गिलावा की आधी पडवी, खिडकीला झडप की दाराला कुलूप, हे ठरवावे लागते. तेथे चकचकीत फरशीची यादी घेऊन कोणी येत नाही. परंतु आत काय आणि वर काय हा हिशेब तोच आहे, आणि पाऊसही तोच.

आता एका उणिवेकडे लक्ष वेधणे भाग आहे. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील किंवा ८ पर्यंत सदनिकांच्या प्रकल्पाला प्राधिकरणाकडे नोंदणीची सक्ती नाही. मोठ्या शहरात ही सूट किरकोळ वाटेल. पेण, रोहा, नागोठणे येथे जुने घर पाडून त्या जागी सहा-आठ सदनिकांची इमारत उभी राहते, तेथे ती किरकोळ नाही. अशा इमारतीत घर घेणाऱ्याला १९६३ चा मालकी हक्क सदनिका कायदा आणि ग्राहक आयोग यांचाच मुख्यतः आधार उरतो. ही मर्यादा खाली आणण्याचा अधिकार त्याच केंद्रीय कायद्याच्या कलम ३ ने राज्य सरकारला दिलेला आहे. त्यासाठी संसदेत जावयास नको, नवे विधेयक नको. जिल्ह्यातील आमदारांना हे विचारावयास हवे, आणि तालुक्यातील कार्यकर्त्यांनी अशा लहान इमारतींतील कुटुंबांच्या गळक्या भिंतींची नोंद येत्या पावसाळ्यातच करून ठेवावयास हवी. निवेदनासोबत तीच जोडता येईल.